मधलं शून्य

प्रिय शैलाताई,

आज शाळेच्या समितीची बैठक झाली आणि दिल्लीच्या ट्रॅफिकमधून आर. के. पुरमला घरी येईपर्यंत मी बसमध्ये तुमच्याशी भांडत होते. मनातल्या मनात किती भांडणार? म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही आणि तुमची संगीतशिक्षिकेची जागाच काढून टाकायचं घाटतंय, ताई.

समितीतले नवे साहेब फाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "पोस्ट खाली ही है ना? तो हटा दो. कम्प्यूटरवालों को दे देंगे."

खाली! तुम्ही पहिल्यांदा त्रिताल शिकवलात तो दिवस आठवला. तुम्ही "आता खाली" म्हणालात आणि आपली मराठी घरांतली पोरं जमिनीकडे बघायला लागली. दोघातिघांना हिंदी आठवलं, त्यांनी रिकामे तळवे दाखवले. तुम्ही हसून हसून पेटीवर डोकं टेकलंत. मग टाळी न देता हात नुसता बाजूला नेलात आणि म्हणालात, "इथे आवाज नाही, पण मात्रा आहे. ही सोडली तर पुढचं सगळं चुकतं."

शेजारच्या वर्गात मी भागाकार शिकवत होते. सहाशे अठराला सहाने भागून माझी निम्मी मुलं तेरा उत्तर काढायची, मधलं शून्य गाळायची. शिकवून शिकवून माझा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या शून्यापाशी मी "खाली" म्हटलं आणि तुमच्यासारखा हात बाजूला नेला. पोरांची उत्तरं एकशे तीन यायला लागली.

हे मी बैठकीत सांगितलं. साहेब म्हणाले, "बहुत अच्छा मॅडम, पर इससे देश को क्या मिलेगा?"

माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, तुमच्या मुलीच्या लग्नात बँड होता ना? ढोलवाले, शहनाईवाला, माइक लावणारे, गाणारी ती मुलगी? कुठेतरी बसून त्या ढोलांना कातडं चढवणारा? या सगळ्यांच्या चुली कशावर पेटतात? आणि शाळेत सूर कानावरच पडला नाही, तर उद्या हे सगळं करणार कोण, ऐकणार कोण? लोक हसले. साहेबही हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

राग तुमचाही येतो. आजारपण लपवलंत. विचारलं की "बिल्कुल ठीक आहे गं." निदान कुणाला तरी हाताशी धरून तयार करायचं होतं ना? जाहिरात दिली, तर एकही अर्ज आला नाही. आम्ही कुठून आणायची दुसरी शैलाताई?

शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्षभर गाण्याचा तास चालू राहिला तर त्या स्वतः या जागेसाठी भांडतील. पण तास घेणार कोण? मी हात वर केला.

ताई, मला साधा सा लागत नाही. शाळेच्या गणपतीत तुमच्या शेजारी उभी राहून मी नुसते ओठ हलवायचे. तुमच्या लक्षात आलं होतं का? तरी शब्द देते, सोमवारपासून तो तास एकदाही बुडणार नाही. मुलं हसली तरी मी गाईन. तुम्ही ऐकायला नाही, म्हणूनच हा धीर होतोय. आणि तुम्ही ऐकावं, असंच सारखं वाटतंय.

तुमची,
गणितवाली सुनंदा