अकरा नंबरची खोली, जपानीत

ठाणे, गुरुवार

प्रिय महेंद्रदादा,

'प्रिय' लिहायला आज दोन कागद फाडले, तरी लिहिलंय. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू आवाज चढवतोस आणि मी रडत बसते. म्हणून पुण्याला कुरिअरने पत्र.

अरे, आमच्या भाषांतराच्या ऑफिसात मागच्या आठवड्यात एका बिल्डरचं काम आलं. जपानी गुंतवणूकदारांसाठी पुस्तिका करायची होती: ठाकुर्ली स्टेशनपासून सात मिनिटांवर नवे टॉवर, आणि आसपासचं शहरी जीवन कसं आहे त्याचं वर्णन. त्यांनी इंग्रजीत नुसतं 'व्हायब्रंट' ठोकून दिलेलं. जपानीत तसं भागत नाही. गजबज हवीहवीशी असेल तर 'निगियाका', डोकं उठवणारी असेल तर 'उरुसाई'. ठाकुर्लीचंच वर्णन, म्हणून मी डोळे मिटून तिथली आपली गल्ली आठवली. पाणी आलं की शकूमावशी सगळ्यांच्या कड्या वाजवत सुटते, मग नळावर तिचंच भांडण. पण बाबा गेले तेव्हा याच मावशीने आठ दिवस दोन्ही वेळचं जेवण आपल्याकडे पाठवलेलं. मी बिनधास्त 'निगियाका' लिहिलं. चाळीला तर त्यांच्याकडे छान शब्द आहे, 'नागाया': एका ओळीतली घरं, दोन घरांत एकच भिंत. असा शब्द सापडला की दिवस मजेत जातो माझा.

काल दुपारी पुस्तिकेसोबतची कागदपत्रं हातात घेतली. चाळकऱ्यांची संमतिपत्रं होती. तेव्हा कळलं, ही आपलीच चाळ! म्हटलं, सगळ्यांना टॉवरमध्ये घरं मिळणारेत, आईलाही मिळेल, तूच बघत असशील सगळं. मग आपल्या अकरा नंबरच्या खोलीचं पान आलं. 'खोली दोन वर्षांपासून बंद आहे. तिथे कोणीही राहत नाही. पर्यायी घर नको, रोख मोबदला मिळावा.' खाली तुझी सही.

दादा, आधी वाटलं, कुणीतरी तुझ्या नावाने खोटी सही मारली. मनातल्या मनात त्याला शिव्याही घातल्या. मग मागे तुझ्या आधार कार्डाची प्रत दिसली, त्यावर तुझ्याच हाताने लिहिलेली तारीख. रिकाम्या पडलेल्या घराला जपानीत 'आकिया' म्हणतात. साधा शब्द आहे, पण माझ्याकडून टाईप होईना. बाबांच्या मागे खोली तुझ्या नावावर करू या, असं आईला मीच पटवलेलं. ती आधी तयार नव्हती.

आणि तेवढ्यात तिचाच फोन. खोलीचं रंगकाम काढलंय तिने. बाबुराव रंगारी शिडीवर चढलेले, आणि ही मला विचारतेय, भिंत पिवळी करू की गुलाबी? तुझी लेक समृद्धी सुट्टीत राहायला येणार ना, तिला आवडली पाहिजे. मी कसंबसं गुलाबी म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कमाल आहे तुझी! ती बाई रोज सकाळी त्या दारात रांगोळी काढते, आणि तू लिहून देतोस कोणीही राहत नाही? लाज वाटते मला तुझी.

आमच्या ऑफिसच्या कृतिका मॅडमना मी सांगून टाकलं, हे पान खोटं आहे, माझ्याकडून होणार नाही. त्यांनी सोमवारपर्यंत काम थांबवलंय. पुढे ते दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि तो काही विचार न करता 'आकिया' लिहील. आईला मी अजून काही बोललेले नाही. तिला हे कधी कळूच नये, म्हणून तुला लिहितेय. सोबत संमती मागे घेण्याचा अर्ज जोडलाय. मराठीतच आहे, एका ओळीचा: 'या खोलीत माझी आई राहते.' खाली सहीपुरती जागा सोडलीय.

अजून तरी तुझीच,
मेघना