चारशे सतरा नंबरचा विंच

६ जानेवारी २०१०, बुधवार

आला एकदाचा! चौघांनी उचलून अंगणात ठेवला आणि तुळशीपुढची फरशी तडकली. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढायचा विजेवरचा विंच — पूर्वी रेल्वेच्याच जीपला पुढे बसवलेला. पुढे भंगारात गेला, तिथून बरुआसागरच्या जयसिंगने उचलला. तळ्याकाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रुततात, त्या काढायचा त्याचा धंदा.

"काकी, जा ठीक हो जैहै?" होईल ना नीट, म्हणून विचारतो.

म्हटलं, "बाकी सब मिस्त्रियों को पूछ के ही आए हो न? फिर?" महिनाअखेर देते म्हणून सांगितलंय.

निवृत्त होऊन सहा दिवस झाले. रेल्वे वर्कशॉपातल्या सत्काराचं अजून डोक्यातून जात नाही. साहेब म्हणाले, "मार्तंडजी की जगह बहनजी ने बखूबी सँभाली." पंचवीस वर्षं! हे गेले चौऱ्याऐंशी साली, त्यांच्या जागी मला घेतलं. सहा वर्षं नुसती रजिस्टरं भरायला लावली, तेव्हा कुठे रेल्वेच्या डब्याखालच्या डायनॅमोला हात लावू दिला. आणि एवढं करून मी कोण, तर ह्यांची जागा. एक वस्तू अशी हवी की बघणारा म्हणेल, ही भानुमतीने केली. म्हणून हा विंच घेतला. दुसरं काही कारण नाही.

८ जानेवारी

नट हलत नाहीत. घासलेट पाजलंय. पिऊ दे दोन दिवस.

१० जानेवारी, रविवार

मोटर उघडली. बाई गं, काय हा गाढवपणा!

मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बन ब्रश लहान पडला म्हणून कोणा महाभागाने बाजूला पत्र्याची पट्टी घडी करून कोंबलीय. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, रंग अजून दिसतो. ब्रश हलला, ठिणग्या पडल्या, खालचं तांबं खड्डे पडून काळं ठिक्कर. पट्टी उपसून भंगाराच्या डब्यात फेकली.

आमच्या वर्कशॉपात रीतच आहे, मोटर दुरुस्त करून बंद करणाऱ्याने झाकणाच्या आतून आपला हजेरीचा टोकन नंबर ठोकायचा. उद्या बिघडली तर शिव्या कोणाला घालायच्या ते कळायला हवं ना! इथे ठोकलाय ४१७, खाली ६६ साल. ह्यांचा ११०२ आणि माझा १३६८, तेवढे दोन मला तोंडपाठ. हा ४१७ कोण देव जाणे. आज त्याला पोटभर घातल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

जगन्नाथजी तिळगूळ घ्यायला आले. ह्यांच्याच भरतीतले, जन्मभर जीप-ट्रकांच्या विभागात. त्यांच्यासारखा मिस्त्री झाशीत दुसरा नाही, आणि मला आजवर एकदाही शाबासकी दिलेली नाही. "मार्तंड का हाथ अलग था," हे मात्र दर भेटीत.

झाकण दाखवलं. चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"ये चार सौ सत्रह कौन है, भाईसाहब?"

"पुरानी बात है बहनजी, छोड़िए. चाय पिलाइए."

नजर चुकवली! म्हणजे चोर सापडला. ४१७ म्हणजे जगन्नाथजीच. जीपवरचा विंच, त्यांचाच विभाग, दुसरं कोण असणार? उगाच नाही चहा मागून विषय बदलला. चाचणीच्या दिवशी यांना बोलावणार आणि डोळ्यांदेखत चालवून दाखवणार.

१७ जानेवारी

सदर बाजारातून मोठा ब्रश आणला आणि कानशीने घासून मापात आणला. दोन दिवस लागले, नाकात काजळ गेलं. पट्टी कोंबायला दोन मिनिटं पुरतात, माहीत आहे मला.

१९ जानेवारी

चालला! इन्व्हर्टरच्या दोन्ही बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट दिले. ड्रम असा फिरला की तारेच्या दोराने तुळशीची फांदी नेली. एवढा वेग नवा असतानाही नसेल. स्वतःलाच साखर भरवली.

२० जानेवारी

हे पान कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिते.

जाळला. मी जाळला.

सकाळी पुन्हा लावला. पाच मिनिटांत वास, मग धूर. त्याच वेळी जयसिंगचा फोन, सहज विचारतो, "काकी, हमाई जीप में तो एकई बैटरी है, चल जैहै?" एकच बॅटरी, बारा व्होल्ट. विंचवरची पाटी झिजलेली, काही वाचता येत नव्हतं. आणि मी विचारलंसुद्धा नाही. जन्मभर रेल्वेच्या डब्यात चोवीसची वायर जोडली, म्हणून सगळ्या जगात चोवीस! रजिस्टर भरणारी पोरगीही ही चूक करणार नाही. दुप्पट दाब दिला आणि वर वेगाचं कौतुक करून घेतलं.

कॉइलवरची कापडी पट्टी कोळसा झालीय. उकलली आणि भंगाराच्या डब्यात अगदी तळाशी दडपली. जगन्नाथजींना कळलं तर "मार्तंड का हाथ" मला मरेपर्यंत ऐकावं लागेल. रडले थोडी. मग कणीक मळली.

२४ जानेवारी

कॉइलवर नवी पट्टी गुंडाळली, एकावर एक अर्धी चढवत. व्हार्निश पाजलं. आता भाजायची, तर ऊन कुठलं, चार दिवस धुकं. नानकटाईच्या गोल ओव्हनमध्ये ठेवली, मंद आचेवर.

ग्वाल्हेरहून इंदूचा फोन. "आई, आप किचन में मशीन पका रही हो? वास फोनमधून येतोय!" लेकीला मराठी फक्त रागावतानाच आठवतं. म्हटलं, होळीला येशील तेव्हा नानकटाई खाऊन बघ.

२८ जानेवारी

बारा व्होल्ट. हळू चालतो, पण न थांबता. तासाभराने हात लावून पाहिला तर नुसता कोमट. झाकण बंद करताना ४१७ च्या खाली माझा १३६८ ठोकला. चार ठोके, चारही सरळ. आता शिव्या घालायच्या तर मला घाला.

३१ जानेवारी, रविवार

बरुआसागर. जीपला विंच बसवलेला, जगन्नाथजी मफलर गुंडाळून हजर. तळ्याकाठी आल्याच्या गड्ड्यांनी भरलेली ट्रॉली मागच्या चाकांपर्यंत रुतलेली. जयसिंगने दोर अडकवला. मी बटण दाबलं. दोर ताणला, जीप पुढून वाकली, आणि दहा श्वास काहीच हललं नाही. मग चिखलाने चप्प असा आवाज केला आणि ट्रॉली निघाली! बाया टोपल्या खाली टाकून ओरडल्या. जयसिंग सगळ्यांना सांगत सुटला, "काकी ने बनाओ है, काकी ने!"

हेच ऐकायचं होतं. मन भरून ऐकलं.

जगन्नाथजी मात्र विंचवर हात ठेवून उभे. उद्या चहाला येतो म्हणाले. येऊ देत, ४१७ कबूल करून घेतल्याशिवाय कप पुढे करणार नाही.

१ फेब्रुवारी

विचारलंच. जगन्नाथजी म्हणाले, "मार्तंड था, बहनजी. चार सौ सत्रह उसका अप्रेंटिस वाला नंबर था, पक्का होने पर बदल गया. उन्नीस का था, तब मेरे ही विभाग में काम सीख रहा था. ये विंच बिगाड़ा तो दो दिन रोटी नहीं खाई. मुझसे कसम ली कि किसी को न बताऊँ. जो उससे न बना, वो आपने बनाया."

चहा दोघांचाही निवला.

ते गेल्यावर भंगाराचा डबा अंगणात उपडा केला. ह्यांची पत्र्याची पट्टी सापडली. तळाशी माझी जळकी पट्टी. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी सांगितलं नाही, आणि आता मला सांगायचंय तर ते नाहीत. दोन्ही एकाच डबीत घालून हत्यारांच्या पेटीत ठेवल्या.