मेलेल्या माशाची हजेरी

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणे आता फक्त पत्रातच जमते, तेव्हा आहे तिथून मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या डोळ्याची पट्टी निघाली का? मी ठीक. घरातली माणसेही ठीक. ठीक नाही ती आमची माशांची काचेची टाकी. येत्या रविवारी दुकानदार येऊन ती दोन माशांसकट घेऊन जाणार आहे. चिरंजीवांचा हुकूम झाला आहे. दुपारी त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसणे एवढीच माझी चैन होती, हे तुला ठाऊक आहे. तीही गेली तर समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, आणि भिंतीला कल्ले नसतात.

झाले काय, ते पहिल्यापासून सांगतो. दोन वर्षे ही टाकी मी नुसत्या हाताने सांभाळली. दर रविवारी नळीने पाव टाकी पाणी काढायचे, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले पाणी ओतायचे, काच पुसायची. तिन्ही मासे मजेत होते. पण एका रविवारी नळी बादलीत सोडली आणि मला तिसरीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवली. (तीच, जी आपण पाट्या वाजवत म्हणायचो आणि गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. आपल्याला वाटे तल्लीन झालेत, ते झोपलेले असत.) तिसरे कडवे काही केल्या आठवेना. ते आठवले तेव्हा बादली भरून नदी हॉलमधल्या गालिच्यावरून सोफ्याखाली निघाली होती.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, असं चालायचं नाही. सिस्टीम पाहिजे." दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कामांच्या याद्या करणारा माणूस, घरी आल्यावर हात शिवशिवणारच. त्याने तिघांच्या फोनवर एक ॲप घातले. खाणे आणि रोजचा फोटो सूनबाईकडे, पाणी बदलणे स्वतःकडे, दर बुधवारी फिल्टरचा स्पंज धुणे माझ्याकडे. कामाची वेळ झाली की फोन बदकासारखा ओरडतो, आणि 'झाले' या चौकोनावर टिक करेपर्यंत दर दहा मिनिटांनी ओरडत राहतो. सूनबाई दातांची डॉक्टर. एका हातात पेशंटचा जबडा, दुसऱ्या हातात चिमटा, आणि खिशात बदक. काय करणार बिचारी? तिनेच मला मंत्र दिला, "बाबा, आधी टिक करून टाका, मग करा निवांत." चिरंजीवांना मीटिंगमधून हा मंत्र आपोआपच सापडला होता. पुढे टिक झाली, निवांतपणाही झाला. काम तेवढे राहिले.

दादा, मी पाण्याच्या खात्यात तीस वर्षे मीटर वाचले. मीटरकडे न जाता झाडाखाली बसून आकडा कसा लिहितात, हे मला कोणी शिकवायला नको. पण आम्हाला निदान मनात थोडी लाज असे. या ॲपला ती नाही. ते शंभर टक्के दाखवी, कपाचे चित्र देई, 'उत्कृष्ट मत्स्यपालक' म्हणून तिघांचे अभिनंदन करी. फोनवर सगळे हिरवे होते. टाकीतही सगळे हिरवेच होत चालले होते, पण टाकीकडे बघायला वेळ कोणाला? फोटोचे म्हणशील, तर सूनबाईने पहिल्या दिवशी एकच सुरेख फोटो काढून ठेवला होता. रोज तोच चढे. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवरचे किटण खरवडणाऱ्या बाईने संध्याकाळी पुन्हा काच खरवडावी, असे मी तरी कोणत्या तोंडाने सांगू?

मी एकदा 'शेरा' या रकान्यात चार शब्द लिहिले:

काचेमागे फिरे सोनुला, अबोल माझा मित्र,
पुसून घेतो रोज नव्याने पाण्यावरती चित्र.

ॲपने उत्तर दिले, "कृपया आकडा लिहा."

मग एका मंगळवारी आमचा बुटका मासा पाण्यावर आडवा दिसला. चिरंजीव गावाला गेले होते. सूनबाईने आणि मी त्याला गॅलरीतल्या कुंडीत पुरले. "अहोंना तुम्ही सांगा," ती म्हणाली. मी म्हटले, "ॲपमध्येच लिहितो, ते तेवढंच वाचतात." पण ॲपमध्ये माशाच्या तब्येतीला तीनच पर्याय: उत्तम, ठीक, सुस्त. मरायची सोय नव्हती. मी 'सुस्त' दाबले. सल्ला आला की दिवा तासभर जास्त लावा. तोही लावला.

अकरा दिवसांनी चिरंजीवांच्या ऑफिसातले साहेब घरी आले. याने टाकीकडे पाठ करून त्यांना फोन दाखवला. "बघा सर, तीन मासे, शंभर टक्के मेंटेनन्स." साहेब उठून टाकीपाशी गेले. "अरे, इथे तर दोनच आहेत."

"तिसरा झाडामागे असेल," असे म्हणून हा शोधू लागला. कुठे? फोनमध्ये! बोटांनी फोटो मोठा करून म्हणतो, "हा काय सर, इथे आहे की!"

साहेब गेल्यावर चौकशी बसली. तिघांनी आपापले फोन पुढे केले. तिघांच्याही टिका पूर्ण, तिघेही निर्दोष. "एवढी सिस्टीम असून मासा मरतो, म्हणजे टाकीच खराब आहे," असा निकाल देऊन चिरंजीवांनी दुकानदाराला फोन केला आणि त्या कामापुढे लगेच टिक केली.

असो. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. रविवारच्या आत याला एक फोन कर. घरात तू सर्वांत मोठा, आणि तुझ्यासमोर तो अजून हाताची घडी घालून उभा राहतो. 'टाकी हलवायची नाही, ॲप काढ आणि ती बापाच्या हाती सोड' एवढेच म्हण. काकांचा शब्द तो मोडणार नाही.

ता. ता. क. माझ्या फोनवरही ओळीने बावीस बुधवारांच्या टिका आहेत. फिल्टर उघडतो कसा, हे मी दुकानदाराला काल विचारले. आतला स्पंज बाहेर काढला, तर दादा, तो काळ्या गाळाने गच्च भरलेला. बुटक्याला कोणी मारले, ते तेव्हा कळले. चार बादल्या पाण्यात धुतला तो. हे तुझ्याजवळच ठेव. चिरंजीवांनी बुधवारांचे विचारलेच, तर तुला अडचणीचे प्रश्न लहानपणापासून ऐकू येत नाहीत, तसाच हाही ऐकू नकोस.