गॅरेजमधला मालक

३ फेब्रुवारी
आजपासून मी दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारा माणूस राहिलेलो नाही. म्हणजे कामावर जातोय, पण मनाने नाही. घरमालकीण काकूंनी खालचं गॅरेज मला वापरायला दिलं. काका गेल्यावर त्यांनी गाडी विकली, तेव्हापासून तिथे जुन्या गाद्या पडून होत्या. बदल्यात स्वयंपाकघरासाठी एक कपाट करून द्यायचं. कपाट! मी कपाटांच्याच फॅक्टरीत आहे. आठवड्यात उभं करतो म्हटलं. काकू म्हणाल्या, घाई नाही, पण उभं राहू दे.

फॅक्टरीचं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. परत सही केली की तीन वर्षं बांधलेला. यंदा सही करणार नाही. ठरलं. सुपरवायझरसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना धक्का बसेल. तो बेताबेतानेच द्यावा.

५ फेब्रुवारी
गाद्या हलवल्या. पाठ धरली. पण गॅरेजच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात पसरले, तर कुठे लागले नाहीत. रूमवर कॉटवर ताठ बसलो की डोकं वरच्या कॉटला आपटतं. लाइनवर कोपर जरा बाहेर गेलं की शेजारचा खेकसतो. एवढी मोकळी जागा आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

लंबू बघायला आला. लंबू म्हणजे माझा रूममेट. लाइनवरही माझ्या समोरच उभा असतो. मी डाव्या दाराच्या बिजागऱ्या बसवतो, तो उजव्या दाराच्या. म्हणाला, आधी कपाट कर, मग वर्कशॉप सजव. याला म्हणतात नोकराची बुद्धी. आधी विहीर, मग पाणी.

९ फेब्रुवारी
टेबल तयार. टेबल म्हणजे वर्कशॉपचं काळीज. अर्धं गॅरेज त्यात गेलं, पण काळीज मोठंच असावं. एक पाय आखूड झाला, त्याखाली पुठ्ठा घातला. टेबल सरळ आहे, जमीन वाकडी आहे.

कपाट उद्यापासून.

१३ फेब्रुवारी
डावीकडच्या भिंतीवर शेल्फ. खिळ्यांचे डबे, स्क्रूचे डबे, वॉशरचे डबे. चिठ्ठ्या लंबूकडून लिहून घेतल्या. त्याचं अक्षर बरं आहे. मी शाळा सोडली तेव्हाच अक्षराची भानगड सोडली, ही वही सोडली तर. डबे सध्या रिकामे आहेत, पण कुठे काय नाही ते एका नजरेत कळतं.

आईचा फोन. सांगितलं, स्वतःचं वर्कशॉप टाकलंय, नोकरी सोडतोय. तिने विचारलं, वेळेवर जेवतोस ना. आईला धंद्यातलं कळत नाही.

१८ फेब्रुवारी
काकूंनी कपाटाचं विचारलं. डिझाइन चालू आहे म्हटलं. म्हणाल्या, अरे कपाटच आहे ना?

उजव्या भिंतीवर फळ्यांचा रॅक बसवला. त्या भिंतीतली खिडकी त्यात झाकली गेली. बरंच झालं, उन्हाने लाकडाचा रंग उडतो.

बॅटरीवरचं ड्रिल घेतलं. हाताचे स्क्रू-ड्रायव्हर लंबूला देऊन टाकले. मनगट पिळायचे दिवस गेले. त्याचे असतील, माझे गेले.

२२ फेब्रुवारी
साहेबांनी लाइनवर विचारलं, सही कोण कोण करणार. लंबूने लगेच हात वर केला. मी नाही केला. साहेब म्हणाले, तुझं धरतोच. मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे पण एक उत्तर असतं. ते समजायला समोरचाही तसा लागतो.

१ मार्च
कपाट पूर्ण! दोन दारांचं, मध्ये खांब, वर नक्षीची पट्टी. पट्टी जरा तिरकी आहे, नक्षी म्हटल्यावर चालतं. बिजागऱ्या तर अशा बसवल्या की साहेबांनी तोंडात बोटं घालावीत. एक मुद्दाम डोळे मिटून बसवली. हाताला सवयच आहे.

उद्या वर नेणार. परवा आजूबाजूच्या बायका बघायला येणार. मग ऑर्डरी येणार. मग साहेबांना सांगणार.

२ मार्च
कपाट वर नेलं. लंबूने दारं उघडली, मिटली, परत उघडली. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि पोट धरून हसत सुटला. दोन्ही दारांना बिजागऱ्या डावीकडेच लागल्या होत्या. उजवं दार उघडलं की ते डाव्याच्या तोंडावर जाऊन बसतं. लंबू म्हणाला, इतकी वर्षं तुझ्या समोर उभा आहे, एकदा तरी मान वर करून बघायचंस.

मान कशी वर करणार? मान वर केली की साहेब बघतात. ही सरळसरळ फॅक्टरीची चूक आहे. तिने माझी एकच बाजू वापरली.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “दारं काढून टाक बाळा,” म्हणाल्या, “कपाट चांगलं आहे.”

दारं काढून खाली आणली आणि टेबलाला टेकवून ठेवली. आता हात पसरता येत नाहीत. पण धंदा म्हटला की पसारा आलाच.

लंबूने विचारलं, मग आता सही करतोस? म्हटलं, उलट आता तर मुळीच नाही. आता अनुभवही आला.

८ मार्च
मोठ्या वर्कशॉपमध्ये अवजारांचा बोर्ड असतो. प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली, म्हणजे जिथलं तिथे जातं. तसा बोर्ड केला. पटाशी, रंधा, पाने, पकडी, सगळ्यांच्या आकृत्या काळ्या रंगात. माझ्याकडे सध्या हातोडी, करवत आणि टेप आहे. बाकीची येतीलच. पाट मांडल्याशिवाय पाहुणा बसत नाही.

बोर्ड लावायला भिंत शिल्लक नाही. विचार चालू आहे.

साहेब आज विचारत होते, सही कधी करतोस, पंधरा तारखेनंतर कागद घेत नाहीत. हो म्हटलं. हो म्हणजे, ऐकलं.

१५ मार्च, सकाळी
आज कामावर गेलो नाही. सहीचा शेवटचा दिवस. मी दिसलो नाही की साहेब काय ते समजतील. स्वतंत्र माणसाचा पहिला दिवस. सहा वाजताच जाग आली, सवयीने.

आणि सुचलं! शटर खाली ओढलं की तीही भिंतच.

नंतर
बोर्ड शटरला आतून पक्का केला, एकदम वर, नजरेत भरेल असा. सगळीकडून स्क्रू. शेवटच्या स्क्रूला ड्रिलची बॅटरी संपली. म्हणजे कामाचा अंदाज बघा.

टेबलाशी उभा राहून अर्धा तास नुसता बघत होतो.

जरा वेळाने
चार्जर रूमवर आहे. आणायला निघालो. शटर चार बोटं उचललं गेलं आणि थांबलं. शटर वर गुंडाळतं. प्लायवुड गुंडाळत नाही. शटर बनवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

हाताचे स्क्रू-ड्रायव्हर लंबूकडे. लंबू लाइनवर, त्याचा फोन लॉकरमध्ये. हातोडी बोर्डाच्या कडेखाली घालून उचकटून बघितलं. हातोडीची मूठ निघाली.

दहाच्या सुमारास
काकू आल्या. विचारलं, शटरला बाहेरून काटे का फुटलेत? स्क्रूची टोकं आहेत म्हटलं, आत बारीक काम चालू आहे, म्हणून बंद ठेवलंय. रूमवरून चार्जर आणून द्या, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या कपाटाची दारं काढून आणली त्याला जेमतेम दोन आठवडे झालेत, इतक्यात परत काय सांगणार? काकू वर गेल्या. मग फटीतून चहा आला. कप मावत नव्हता, म्हणून बशीत ओतून. जमिनीवर कोपरं टेकून प्यालो. मालक झाल्यावर पहिला चहा.

दुपारी
लंबू जेवणाच्या सुट्टीत पळत आला. साहेबांनी पाठवलं होतं. हसेल असं वाटलं होतं, पण त्याला धाप लागली होती. म्हटलं, आधी वरून चार्जर आण. आणला, पण हातातच धरला आणि फटीतून कागद आत सरकवला. काँट्रॅक्ट. सुट्टी संपायच्या आत साहेबांच्या टेबलावर जायला हवं म्हणाला.

मी म्हटलं, मी विचार करतोय.

“सही करायची नसेल तर तसं बोल,” लंबू म्हणाला. “पण मोठ्याने बोल. मला साहेबांना तेच जाऊन सांगायचंय.”

वाक्य तयारच होतं. महिनाभर लाइनवर मनात घोळवलेलं. तोंड उघडलं. शटर इतकं जवळ होतं की माझाच श्वास तोंडावर परत आला. मागे टेबल. एका बाजूला रिकामे डबे, दुसऱ्या बाजूला फळ्या. डोक्यावर माझ्याकडे नसलेल्या अवजारांच्या आकृत्या. फटीतून लंबूचे बूट तेवढे दिसत होते. एक बूट जायला वळला.

“पेन आहे का?” मी विचारलं.

पालथा पडून सही केली. आधी कागद बाहेर गेला, मग चार्जर आत आला. ही सही अडकलेल्या स्थितीत केलेली आहे, हे इथे लिहून ठेवतो. पुढेमागे उपयोगी पडेल.

१६ मार्च
कामावर गेलो. साहेबांनी विचारलं, काल कुठे होतास? घरच्या कामात अडकलो होतो म्हटलं. खोटं बोलत नाही मी.

संध्याकाळी आईला फोन केला. सांगितलं, सही केली, अजून तीन वर्षं इथेच. वर्कशॉप बंद नाही, फक्त थांबवलंय. पण आता चारचौघांत तुला मान खाली घालावी लागेल, त्याचं वाईट वाटतं म्हटलं. लोक विचारतील, कुठे गेलं तुमच्या मुलाचं वर्कशॉप?

आई म्हणाली, “त्याची काळजी नको करूस रे. मी कुणाला सांगितलंच नव्हतं.”

दूरदृष्टी मला आईकडूनच आली आहे.