तुमचं नाव मी दिलं

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला उद्देशून एक ओळही लिहिली नाही, पण गेल्या महिन्यात मी तुमच्यावर, सख्ख्या बापावर, सूड उगवला आणि तो तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडेना. शब्द मोठा वाटेल. वाटू दे. आज रविवार, वर्कशॉप बंद आहे, बायको आणि लेक पोहायला गेल्यात, आणि मी ऑफिसात हीटरला पाय लावून वही उघडून बसलोय. तुम्ही होतात तोवर मी इथे दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्यांखाली पडून असायचो. आता जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली तीन माणसं आहेत. गावाला लागून अमेरिकन सैन्याचा तळ आहे. तिथले सैनिक आपल्या अगडबंब गाड्या घेऊन येतात, त्यांचे गिअरबॉक्स कुरकुरायला लागले की माझ्याकडे येतात. मी शेजारच्या सीटवर बसतो, डोळे मिटतो, आणि चौकात जाऊन परत येईपर्यंत काय गेलंय ते सांगतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेतच. तुम्ही ते वापरलेत.

इराकवर हल्ला होणार हे दिसायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. माझी लेक सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. एका सकाळी पावाला लोणी लावता लावता तिने सांगितलं, शनिवारी युद्धाविरुद्ध मोर्चा आहे, आमचा अख्खा वर्ग जाणार आहे, पप्पा तू येशील का? मी म्हटलं बघू. बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आपली निम्मी गिऱ्हाइकं तळावरची आहेत. कुणी पाहिलं म्हणजे?" त्यावर लेक म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, दिसण्यासाठीच तर जायचं असतं. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी कुठल्याच मोर्चात चाललो नव्हतो. का, ते तुम्ही आणि आई सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

गेलो. पण रस्त्यावर उतरलो नाही. लेक मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेली आणि मी कॉलर वर करून, खिशात हात घालून, फुटपाथवरून मोर्चाच्याच चालीने चालत राहिलो. थंडी बोचरी होती. लोक म्हणाल तर कुणीही, लेकुरवाळ्या बायका, म्हातारे, एक पाद्री, विद्यापीठातली पोरं. ढोल वाजत होता. दहा मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं की मी एकही फलक वाचलेला नाही. मी फक्त ऐकत होतो. ढोलाच्या मागे चार आवाज मराठी होते, इथे टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली मुलं. जर्मन घोषणा द्यायला जात होती आणि आपसात हसत होती. एक कोल्हापूरचा, एक नागपूरकडचा, दोघं पुण्याचे. मान न वळवता मी चौघांनाही ओळखलं, आणि ओळखून ओळीने मनात लावूनही ठेवलं. अण्णा, इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तेच काम, आणि सांगितलं कुणीही नव्हतं.

मोर्चाच्या कडेने एक सत्तरीची बाई चालत होती, दंडाला पांढरी पट्टी. इथे मोर्चात शिस्त राखायला मोर्चेवाल्यांचीच माणसं असतात, त्यांना ऑर्डनर म्हणतात. बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत असाव्यात. जवळ येऊन अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "आपण पोलिसांचे आहात का? असलात तरी हरकत नाही, पण मग पुढे त्यांच्याबरोबर चाला. इथे लोक बुजतात."

माझे कान तापले. मी म्हटलं, बाई, मी गिअरबॉक्सवाला आहे, आणि पायरी उतरावी तसा फुटपाथ उतरून रस्त्यावर आलो. त्या हसल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागल्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी भर रस्त्यात इतक्या मोठ्याने हसलो की पुढची माणसं वळून बघायला लागली. इथे मोर्चा काढायचा तर आधी सरकारी ऑफिसाला लेखी कळवावं लागतं. आणि पुढारी कोण, त्याचं नाव, पत्ता, फोन, हे सगळं तो स्वतःच फॉर्मवर भरून देतो. या मोर्चाचा फॉर्म बाईंनीच भरला होता. अण्णा, या देशात तुम्हाला कुणी चहासुद्धा पाजला नसता. तुम्ही जी नावं मान खाली घालून मॅनेजरच्या केबिनमध्ये नेत होतात, ती इथे टेबलावर उघडी पडलेली असतात.

मग चौकापर्यंत मी चाललो, घोषणा दिल्या नाहीत, पण चाललो, आणि सगळा वेळ मला आपलं सांगलीचं कंपनी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर दिसत राहिलं. मी अठराचा आहे, तुमच्याच कारखान्यात ॲप्रेंटिस. तुम्ही टाइम ऑफिसात. कँटीनमधल्या एका पोऱ्याला काढलं म्हणून लोक गेटवर जमायला लागलेत. तुम्ही मला सांगता, तुझे कान तिखट आहेत, गेट मीटिंगला जाऊन उभा राहा, बोलू नकोस, ऐकून ये. मला त्यात अभिमान वाटतो. संध्याकाळी तुम्ही पाटावर बसलेले, मांडीवर डायरी, आई चुलीपाशी भाकरी थापत्येय. तुम्ही हलक्या आवाजात विचारता, "कोण कोण बोललं?" मी सात नावं सांगतो. सातवं नाव शेजारच्या काकांचं, आणि आईच्या हाताची थाप मधेच थांबते. तो थांबलेला आवाज मला अजून ऐकू येतो. भाकरी त्या रात्री जाड झाली होती.

काका लेथवर होते. माझे कान तिखट असतील, पण ते कामाला लावले काकांनी. मशीनवर मला उभं करून म्हणायचे, बघू नकोस, ऐक. टूल ओरडायला लागलं की फीड कमी कर. आज मी जे खातो ते त्यावर. पंधरा दिवसांत सातही जण बाहेर झाले. काकांनी क्वार्टर सोडलं तेव्हा काकू आपल्याकडून नेलेली विळी परत द्यायला आल्या, आणि तुम्ही आतून बाहेर आला नाहीत. पुढच्या महिन्यात तुम्ही मला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर दिलात, मखमलीच्या डबीत. नंतर मी काकांना मिरजेला एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना पाहिलं. हात पुसत म्हणाले, शिकतोयस ना नीट? त्यांना काही माहीत नव्हतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुम्हाला हार घातला, निष्ठावान म्हणाले. मी इकडून फोनवर अभिनंदन केलं आणि फोन ठेवून दात खाल्ले. आपल्या बापाला एकदा, एकदाच कुणीतरी यादीत टाकावं, असं मला तेव्हापासून वाटत होतं.

ती संधी मोर्चानंतरच्या मंगळवारी चालून आली. इथल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष इथे तीस वर्षांपासून आहेत, तळावर कंत्राटदाराच्या ऑफिसात चांगल्या जागेवर. गणपतीत त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं की विद्यापीठातल्या दोन मुलांना उन्हाळ्यात तिथे काम लावून देतो. ती दोन मुलं म्हणजे ढोलामागच्या चारांतलीच, कोल्हापूरचा आणि नागपूरचा. वर्कशॉपच्या फोनवर अध्यक्षांचा आवाज आला, गोड, हलका.

"अहो, काळजीपोटीच विचारतोय हं. शनिवारी आपली मुलं पण होती म्हणे. शिफारस माझ्या नावाने जाते, उद्या मला कुणी विचारलं म्हणजे? तुम्ही होतात असं कळलं. कोण कोण होतं?"

अण्णा, माणूस वेगळा, देश वेगळा, पण सूर तोच. मी तो अंधारात ओळखला असता. आणि खरं सांगतो, चारही नावं जिभेच्या टोकावर आली होती, ओळीने, लावून ठेवलेली. मी ती गिळली आणि म्हटलं, एक जण होता, घ्या लिहून. आणि तुमचं नाव सांगितलं. पूर्ण, आजोबांच्या नावासकट, आडनाव मात्र आजोळचं लावून, म्हणजे माझ्यापर्यंत धागा यायला नको.

"हे कोण? नवीन आलेत का?"

"छे, जुने आहेत. सांगलीचे. टाइम ऑफिसात होते."

"मंडळात कधी दिसले नाहीत."

"ते दिसत नाहीत कुठे. पण असतात."

"आणि घोषणाबिषणा दिल्या त्यांनी?"

"सगळ्यांत मोठ्याने," मी म्हटलं. "पुढे तेच होते."

पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज मी ऐकला. तुमचं नाव, अण्णा, मोर्चाचा पुढारी म्हणून. जन्मात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. फोन ठेवून मी गाडीखाली शिरलो आणि एकटाच हसत राहिलो, माझा मेकॅनिक विचारायला लागला की काय झालं. अध्यक्ष अजून तुमचा शोध घेतायत. गेल्या आठवड्यात त्यांनी आणखी दोघांकडे चौकशी केल्याचं कळलं, हा उपद्रवी माणूस राहतो कुठे. मुलांना कामं मिळाली, दोघांनाही. युद्ध व्हायचं ते झालंच, आणि गाड्या येतायत, तळावरून तशाच, फक्त त्या आणणारे चेहरे बदललेत.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. हे तुम्हाला पोचवायची काही सोय नाही आणि लेकीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा वही ड्रॉवरमध्ये सुखाने पडून राहील. म्हणून उरलेलंही लिहितो. त्या दिवशी गेटवर काका बोललेच नव्हते. ते मागे, सायकलच्या हँडलला डबा अडकवून नुसते उभे होते. सकाळी मी एक शाफ्ट वाया घालवला होता आणि त्यांनी मला सगळ्या खात्यासमोर झापलं होतं, कान वापरायचे नसतील तर जाऊन बापाशेजारी बस. तुम्ही कोण बोललं एवढंच विचारलं होतंत. सहा नावं लिहून झाल्यावर तुम्ही पेनाला टोपण लावत होतात. सातवं मी आपणहून सांगितलं. तुम्ही टोपण हातात धरून माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "नक्की?"

मी हो म्हणालो.