सूपची दुसरी वाटी

प्रिय खारूताई,

रविवारी तुझ्याकडे जेवून आम्ही संध्याकाळच्या बसने सुखरूप पोचलो. पत्र बघून तू चक्रावशील, की फोन असताना बाबांना ही हौस कुठून आली. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू बोललीस की माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुझं रेस्टॉरंट मला आवडलं, हे आधी लिहून ठेवतो. दारातली ती काळी पाटी दोनदा वाचली. भोपळा नदीपलीकडचा, बीट टेकडीखालच्या बाईंचं, मध शाळेच्या शिपायाचा. सकाळी आसपासच्या शेतांतून जे येईल त्यावर दुपारचं जेवण ठरवायचं, ही उठाठेव मी बत्तीस वर्षं कारखान्याचं कँटीन चालवूनही केली नसती. माझा अख्खा आठवडा सोमवारीच ठरलेला असायचा, आणि वांगं कुठल्या गावचं हे वांग्यालासुद्धा कुणी विचारत नसे. शेजारच्या टेबलावर तुझा भोपळेवाला बायकोला घेऊन आला होता. स्वतःचाच भोपळा खायला गडी इस्त्रीचा शर्ट घालून! सूप यायच्या आधीच दोघांचं जुंपलं होतं, की हा विहिरीकडच्या वेलाचा की बांधावरच्या. मग दोन चमचे झाल्यावर बायकोने त्याला कोपराने ढोसलं आणि दोघं एकदम गप्प झाले. मला वाटलं, भांडण मिटलं. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि तू स्वयंपाकघराच्या दारातल्या गोल काचेतून माझ्याकडे.

शाळा सुटली की तू कँटीनमध्ये यायचीस आणि बटाट्याच्या पोत्यावर बसून कच्च्या शेंगा कुरतडायचीस, तिथूनच हे नाव पडलं. मी तुला डोळे मिटायला लावून चमचा तोंडात द्यायचो आणि काय कमी आहे ते विचारायचो. तोंडदेखलं कौतुक शिळ्या अन्नापेक्षा वाईट, हे मीच तुझ्या डोक्यात भरवलं. तुझ्या पहिल्यावहिल्या सूपला मी नाक मुरडलं, तेव्हा तू दोन दिवस अबोला धरलास आणि तिसऱ्या दिवशी तेच सूप पुन्हा करून आणलंस. ते खरंच चांगलं झालं होतं. माझ्या जिभेचा कँटीनभर धाक होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माजही होता.

म्हणूनच रविवारी तू हात पुसत आमच्या टेबलाशी आलीस आणि सगळं माझ्यावर सोपवून मोकळी झालीस. त्या बड्या हॉटेलवाल्यांनी तुला मुख्य आचारी म्हणून बोलावलंय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, गेलीस तर हे बंद करावं लागेल. तिथे भाजी खोक्यांतून येते, बाराही महिने एकसारखी. "बाबा, बाकी सगळे गोड बोलतात. तुम्ही नाही बोलणार. सूप माझ्या हातचं आहे, तुम्ही म्हणाल तसं करते," असं म्हणालीस. मी सूपची दुसरी वाटी मागितली, ती चाटूनपुसून संपवली आणि म्हणालो, कशाची म्हणजे कशाची कमी नाही, कुठे जाऊ नकोस. तुझे डोळे भरून आले. आई शेजारी मूग गिळून बसली होती.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. वर्षाच्या सुरुवातीला मला ताप आला होता ना, त्यात माझी चव गेली. वासही गेला. डॉक्टर म्हणतात, परत येईल किंवा येणारही नाही. मी कुणाला बोललो नाही. जन्मभर ज्या जिभेवर तोरा मिरवला ती निकामी झाली, हे कुठल्या तोंडाने सांगू? मला लाज वाटली. घरी आपला सवयीने चुका काढत राहिलो, आज मीठ कमी, आज तिखट जास्त, सगळं अंदाजपंचे. रविवारीही तेच केलं. सूपचा रंग बघितला, काचेमागचा तुझा चेहरा बघितला आणि दिलं ठोकून.

बस अर्ध्यावर आली तेव्हा आई समोर बघत म्हणाली, "सूप करपलं होतं." मग तिने सांगितलं, की चार महिन्यांपूर्वी तिने एकदा भाजीत मीठ घातलंच नव्हतं, आणि मी जेवताना म्हणालो होतो, आज कसं बेताचं पडलंय. तेव्हापासून तिला सगळं ठाऊक आहे. मी विचारलं, मग तिथे टेबलावर का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही बोलल्यावर मी कधी बोललेय?" हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा शुक्रवारच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं. माझा शब्द खोडून टाक. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, पण ते बापाला वाटतं; त्यात जिभेचा काही संबंध नाही. आई बुधवारी सकाळच्या बसने एकटी येतेय, पत्र तिच्याच हाती देतोय. आढेवेढे घेत होती, मीच तिकीट काढून दिलंय. तिला टेबलावर बसव, सगळं वाढ, आणि काचेमागे उभी राहू नकोस, समोर बस. बसमध्ये उरलेला सगळा रस्ता ती तुझ्या जेवणाबद्दल बोलत होती, बिटाला ओली माती लागल्यासारखा गोडवा होता, पावाचं पीठ एक हात कमी मळलं होतं, मध शेवटी नको, आधी द्यायला हवा होता. मी नुसता ऐकत होतो. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवून जेवण कसं झालंय ते मीच तिला सांगत आलो. तिला मी एकदाही विचारलं नाही. तू विचार.

तुझाच,
बाबा