चालती बस आणि मी

२ डिसेंबर

मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडमनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. चौथीच्या मुलांना जबाबदारी शिकवणारा उपक्रम हवाय. वर्गाबाहेरचा, वस्तीला धरून. मॅडमना असं काहीतरी सारखं हवंच असतं. सगळे खाली बघत होते. मीही खाली बघत होतो, तरी त्यांनी नेमकं मलाच हेरलं. नेतृत्वगुण लपत नाहीत.

गुजराती मुलखातल्या लिंबायतमध्ये इतकी वर्षं मराठी शाळेत शिकवतोय. पूर्वी चिडायचो, खूशही व्हायचो. आता दोन्ही बंद. उज्ज्वला म्हणते, डॉक्टरला दाखवा, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. बायकोला कसं समजवायचं? मी स्थितप्रज्ञ झालोय.

४ डिसेंबर

कल्पना सुचली. म्हणजे सांगितली चौथीतल्या हर्षालीने, पण पसंत मी केली, तेव्हा सुचली मलाच.

हर्षाली रोज शेजारच्या किरणला हाताला धरून शाळेत आणते. पोरगी पहिलीत. बाप भिकन कापडाच्या लूमवर रात्रपाळीला, आई पहाटेच धुण्याभांड्याला जाते. रस्त्यात कापडाचे ताके लादलेले टेम्पो, उलट्या बाजूने रिक्षा. तर मोठ्या मुलांनी गल्लीतल्या सगळ्या लहानांना असंच एका रांगेत आणायचं. नाव: चालती बस. नाव नक्की माझं आहे.

संकल्प: रोज पहाटे उठणे. रांगेच्या पुढे स्वतः चालणे. सकाळी एकच चहा.

५ डिसेंबर

उठलो नाही. अलार्म वाजला होता असं उज्ज्वला म्हणते. तो मीच बंद केला असंही म्हणते. पुरावा नाही.

रिक्षाने निघालो. वाटेत चालती बस दिसली. साडीच्या काठांची वेणी घालून हर्षालीच्या आईने लांब दोरी केलीय, ती सगळ्यांनी धरलेली. पुढे हर्षाली, मागे दोन मोठी मुलं, मध्ये पहिली-दुसरीतली. मी सीटवर खाली वाकलो. मुलांचा आत्मविश्वास डिस्टर्ब होऊ नये म्हणून. रिक्षावाल्याने विचारलं, सर, काय पडलं? पेन म्हणालो.

९ डिसेंबर

सर्दी. घरून मार्गदर्शन केलं (मनातल्या मनात).

१३ डिसेंबर

मुलांनी आपसात नियम केलेत. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून डोकी मोजायची. कोणी सुटलंच तर पळायचं नाही, जवळचा खांब धरून उभं राहायचं. दोरी आपल्याला घ्यायला येईपर्यंत कुणाबरोबर जायचं नाही. मी हर्षालीला म्हटलं, नियम जरा जास्त होतायत, मोकळेपणा हवा. ती म्हणाली, "बरं सर." नियम तसेच.

फाईल केली. कव्हरवर ‘मार्गदर्शक: भूपेंद्र बोरसे’. अक्षर छान आलंय.

१९ डिसेंबर

बसमध्ये सारखी भर. आता चिंधाआबापण सामील. लूमवरून रिटायर झालेले म्हातारे, नाक्यावर खुर्ची टाकून बसायचे. आता बस आली की काठी आडवी धरून टेम्पो अडवतात. एक टेम्पोवाला बाजू मागत ओरडला, "काका, साइड आपो ने!" आबांनी काठी हलवली नाही.

कोपऱ्यावरच्या कचऱ्यामुळे रांगेला रस्त्यावर उतरावं लागायचं. मुलांनी घरोघरी जाऊन सांगितलं, इथे टाकू नका, आमचे छोटे इथून जातात. बायांनी ऐकलं. माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं, अर्थात मी सांगितलंही नव्हतं.

हे मला वर्गात कळलं. मी म्हटलं, छान, यावर निबंध लिहा. मुलं म्हणाली, सर, आज नको, कुत्र्याबद्दल मीटिंग आहे. गल्लीतलं एक कुत्रं छोट्यांच्या अंगावर येतं. मी विचारलं, मी येऊ का मीटिंगला? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणून नाही गेलो. त्यांना मोकळीक द्यायला हवी.

३१ डिसेंबर

संकल्प (पक्के): पहाटे उठणे. मोबाईल कमी. चालत्या बसबरोबर रोज चालणे. उज्ज्वलाला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. ‘हं’ म्हणाली.

१ जानेवारी

आजचा दिवस धरायचा नाही. सुरुवात उद्या.

६ जानेवारी

गुरुवारी शाळेत पाहुणे येणार. उपक्रमाची बातमी वरपर्यंत गेली. फोटोग्राफरही असेल. मॅडम म्हणाल्या, बोरसे सर, त्या दिवशी तरी तुम्ही बसबरोबर असा. ‘त्या दिवशी तरी’ म्हणजे काय, ते विचारलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. वाट पाहिली. नाही झाला.

९ जानेवारी, सकाळी ६

उठलो! अंघोळ, कोट, सेंट. उज्ज्वला उठून बघायला आली.

९ जानेवारी, दुपार

जसं झालं तसं लिहितो.

हर्षाली दोरी घेऊन उभी होती. मी म्हटलं, आज दोरी नको, फोटोत गुरं बाजाराला चालल्यासारखी दिसतात. ती म्हणाली, "सर, छोटे सुटतील." मी म्हटलं, मी आहे ना. तिने दोरी गुंडाळून दप्तरात ठेवली.

गल्लीऐवजी मोठ्या रस्त्याने नेलं. उजेड चांगला, मागे दुकानं. पतंगांचं उत्तरायण तोंडावर आलंय. फुटपाथवर मांजावाले खांबाखांबांना दोरा ताणून गुलाबी रंग देत होते. मुलं बघत रेंगाळायला लागली. कोपऱ्यावर हर्षाली थांबली आणि डोकी मोजायला लागली. मी म्हटलं, चला, चला, पाहुणे उभे आहेत. फोटोग्राफर पुढे आला होता. मला म्हणाला, सर, मुलांकडे तोंड करून उलटे चाला आणि हसा. चाललो. हसलो.

गेटवर टाळ्या. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "सर, किरण नाही."

मी म्हटलं, असेल इथेच.

"नाही सर. मी आत्ता मोजलं."

मग मॅडम काहीतरी बोलत होत्या. ओठ हलताना दिसत होते. पाहुण्यांचा हात मी सोडत नव्हतो म्हणे, त्यांनीच सोडवून घेतला. मी जागेवर उभा राहिलो. कुणीतरी शांत राहायला हवं होतं.

हर्षाली पळाली नाही. दोघांना लहानांजवळ थांबवलं, दप्तरातून दोरी काढली, बाकीच्यांना घेऊन आल्या रस्त्याने परत निघाली. गेटबाहेर पडताना मागे वळून म्हणाली, "सर, तुम्हीपण चला." गेलो. रस्ता येताना इतका लांब नव्हता.

मांजावाल्यांच्या पुढे किरण विजेच्या खांबाला मिठी मारून उभी होती. शेजारी तिचा बाप भिकन. रात्रपाळी सुटून घरी निघालेला, केसांत धाग्यांचे तुकडे, डोळे लाल. त्याला पोरगी रस्त्यात एकटी दिसली. तो न्यायला गेला, तर ती खांब सोडेना.

"सर, माले वळखस," तो पोरीकडे बोट दाखवून मला म्हणाला, "पण मनासंगे येत नही."

दोरी येईपर्यंत कुणाबरोबर जायचं नाही. बापाबरोबरही नाही. म्हणून तोही तिच्याजवळ उभा राहिला होता.

मलाही अहिराणी येते, पण कामावर असताना मी शुद्धच बोलतो. शुद्धमध्ये काही सुचलं नाही.

हर्षालीने दोरी पुढे केली. किरणने खांब सोडला आणि दोरी धरली. रडली नाही. तळहात गुलाबी झाले होते, खांबाला मांजाचा रंग लागला असणार. शाळेपर्यंत ते तळहात सगळ्यांना दाखवत आली.

मला काही वाटलं नाही. स्टाफरूममध्ये चहा घेतला. मग दुसरा घेतला. थंडी फार आहे यंदा.

९ जानेवारी, संध्याकाळ

उज्ज्वलाला सांगितलं. फोटोग्राफरची चूक कशी होती, तेही सांगितलं. तिने विचारलं, आणि सापडली नसती तर? मी म्हणालो, सापडली ना. ती ताटं घ्यायला उठली. बी-ट्वेल्व्हचं काही बोलली नाही. जेवलो. काय जेवलो ते आत्ता आठवत नाहीये.

१० जानेवारी

भिकन शाळेत आला. मी उत्तर तयार ठेवलं होतं: रस्ता का बदलला, दोरी का नको, शैक्षणिक हेतू वगैरे. तो ओरडलाच नाही. ओरडला असता तर मला बोलता आलं असतं. मॅडमसमोर हात जोडून म्हणाला, "हर्षाली नेणार असेल तर पोरीला पाठवतो. सर नेणार असतील तर मी घरी ठेवतो." मग झोपायला निघून गेला.

फाईलमध्ये लिहिलं: पालकांचा मुलांवर विश्वास बसला, हेच उपक्रमाचं यश. अर्ध्या तासाने खोडलं. का खोडलं ते सांगता येत नाही. वाक्य चांगलं होतं.

१३ जानेवारी

मॅडमनी मुलांनाच विचारलं, पुढे काय करायचं? वर्गात मीटिंग. मी दाराबाहेर व्हरांड्यात होतो. ऐकायला नाही, हवा खायला.

एक मुलगा म्हणाला, सरांना नको. दुसरा म्हणाला, सर असले की पाहुणे येतात, पाहुणे आले की गडबड होते. शेवटी हर्षाली म्हणाली, "सरांना एकट्याला कुठे ठेवणार? येऊ देत. पण पुढे नाही. मध्ये. आणि मोबाईल खिशात." हात वर झाले. खिडकीतून दिसले.

मार्गदर्शकाने मध्यभागी असावं, असं माझंही पहिल्यापासून मत होतं.

१६ जानेवारी

उत्तरायणाची सुट्टी संपली. अलार्मच्या आधी जाग आली. उज्ज्वलाने आपणहून चहा ठेवला.

नाक्यावर हर्षालीने दोरी दाखवून माझी जागा सांगितली. पुढे किरण, मागे दुसरीतला एक शेंबडा मुलगा. दोरी लहानांच्या उंचीला धरतात, त्यामुळे मला वाकून चालावं लागलं. चिंधाआबांनी काठी आडवी केली, टेम्पो थांबला, आम्ही पलीकडे गेलो. तारांवर तुटलेले पतंग लटकत होते. किरण मान वर करून चालत होती, मी तिला म्हटलं, खाली बघ. ती म्हणाली, "तुम्ही बघताय ना." मी पाहिलं. सगळा रस्ता पाहिला. खड्डे, शेण, नळाचं वाहतं पाणी, सगळं.

गेटवर हर्षालीने डोकी मोजली. माझ्या डोक्याला हात पुरेना, म्हणून कोपराला बोट लावून पुढे गेली.

वर्गात गेलो. खडू उचलला आणि फळ्याकडे बघत राहिलो. आज काय शिकवायचं होतं ते काही केल्या आठवेना. शेवटी मुलांना विचारलं.

त्यांना माहीत होतं.